विश्लेषण: पाऊस पडला की हवा स्वच्छ होते, मग मेलबर्नमध्ये वादळानंतर हजारोंचा श्वास का कोंडला?

२१ नोव्हेंबर २०१६, सोमवार. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात दिवसभर कडक ऊन होतं. पारा ३५ अंशांच्या आसपास पोहोचला होता. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आभाळ भरून आलं, जोराचा गार वारा सुटला आणि तापमान झपाट्याने १० अंशांहून जास्त उतरलं. उकाड्याने हैराण झालेल्या लोकांनी खिडक्या उघडल्या, कुणी गॅलरीत आलं, कुणी अंगणात.

पुढच्या काही तासांत शहरातल्या हॉस्पिटल्समध्ये रांगा लागल्या. सगळ्यांची तक्रार एकच, श्वास घेता येत नाही. रुग्णवाहिका कमी पडल्या. या एका वादळाशी संबंधित १० जणांचा मृत्यू झाला.

ना आग लागली होती, ना कुठे वायुगळती झाली होती. कारणीभूत होते गवताचे परागकण आणि त्या दिवशीचं हवामान.

याला 'थंडरस्टॉर्म अस्थमा' म्हणजे वादळी दमा म्हणतात. हा नेमका काय प्रकार आहे? ऊन, वारा आणि पाऊस यांचा परागकणांशी काय संबंध असतो? आणि मेलबर्नमध्ये सर्वाधिक त्रास झालेल्यांत भारतीय वंशाचे लोक का होते? समजून घेऊया.

मेलबर्नमध्ये त्या संध्याकाळी काय झालं?

या घटनेचा सविस्तर अभ्यास 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे घटनेचं गांभीर्य सांगतात.

- वादळानंतरच्या ३० तासांत श्वसनाच्या तक्रारी घेऊन इमर्जन्सी विभागात आलेल्या रुग्णांची संख्या नेहमीपेक्षा ३,३६५ ने जास्त होती.
- दम्यासाठी हॉस्पिटलमध्ये दाखल कराव्या लागलेल्यांची संख्या नेहमीपेक्षा ४७६ ने जास्त होती. म्हणजे एरवीच्या जवळपास ११ पट.
- ज्या रुग्णांकडून नंतर माहिती घेतली गेली, त्यांचं सरासरी वय फक्त ३२ वर्षं होतं.
- त्यांच्यापैकी केवळ २८ टक्के लोकांना 'तुम्हाला सध्या दमा आहे' असं डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं.

शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. आलेल्यांपैकी बहुतेक जण स्वतःला दम्याचे रुग्ण मानतच नव्हते. 'मला फक्त सीझनल सर्दी होते' असं समजणारे लोक थेट इमर्जन्सीत पोहोचले होते.

परागकण हवेत येतात कसे?

परागकण म्हणजे फुलातली नर पेशी वाहून नेणारी बारीक पूड. ती एका फुलातून दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचली की बी तयार होतं. यासाठी झाडांनी दोन मुख्य मार्ग निवडले आहेत.

पहिला मार्ग कीटकांचा. जास्वंद, झेंडू, सूर्यफूल यांसारखी रंगीत फुलं मधमाश्या आणि फुलपाखरांना बोलावतात. त्यांचे परागकण जड आणि चिकट असतात. ते हवेत फार लांब जात नाहीत.

दुसरा मार्ग वाऱ्याचा. गवतं, ज्वारी, बाजरी, मका अशा वनस्पतींना कीटकांना खूश करायचं नसतं. म्हणून त्यांची फुलं साधी, हिरवट आणि बिनवासाची असतात. अनेकदा ती फुलं आहेत हेच लक्षात येत नाही. नेम धरून पराग पोहोचवता येत नाहीत, म्हणून या वनस्पती ते प्रचंड संख्येने हवेत सोडतात. त्यातले काही दुसऱ्या फुलावर पडतात, बाकीचे कुठेही. आपल्या नाकातही.

त्यामुळे ॲलर्जी झाली की बागेतल्या भडक फुलांवर संशय घेतला जातो, पण खरा दोषी बऱ्याचदा रस्त्याकडेचं गवत असतं.

मेलबर्नच्या उत्तरेला आणि पश्चिमेला मोठी कुरणं आहेत. तिथे जनावरांच्या चाऱ्यासाठी युरोपातून आणलेलं 'रायग्रास' नावाचं गवत पसरलेलं आहे. भारतात नोव्हेंबर म्हणजे थंडीची चाहूल, पण दक्षिण गोलार्धात तेव्हा वसंत संपत आलेला असतो आणि हे गवत ऐन फुलोऱ्यात असतं.

ऊन, वारा, दमटपणा, पाऊस: कोण काय करतं?

हवेत आज किती परागकण असतील, हे फक्त झाडं ठरवत नाहीत. त्यात हवामानाचा वाटा मोठा असतो.

ऊन आणि कोरडी हवा: पराग ज्या पिशवीत असतात तिला परागकोश म्हणतात. तो सुकला की उकलतो आणि पराग बाहेर पडतात. त्यामुळे कोरड्या, उन्हाच्या दिवशी हवेत परागकण जास्त असतात. ढगाळ, दमट दिवशी परागकोश नीट उकलत नाहीत.

वारा: वारा अजिबात नसेल तर पराग झाडाजवळच खाली बसतात. वारा सुटला की ते उचलले जातात आणि अनेक किलोमीटर दूर जातात. म्हणूनच आजूबाजूला गवताचं पातंही नसलेल्या शहरी सोसायटीतल्या माणसालाही गवताची ॲलर्जी त्रास देऊ शकते. मेलबर्नमध्ये उत्तरेकडून कोरडा, गरम वारा आला की तो कुरणांवरचे पराग थेट शहरावर आणून टाकतो.

थंड, शांत हवा: थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. अशा वेळी वरच्या हवेचं जणू झाकण बसतं. धूर, धूळ आणि पराग यांना वर जायला वाट मिळत नाही. ऊन चढलं की हे झाकण निघून जातं.

पाऊस: पावसाचं काम दुहेरी आहे. जोरदार आणि बराच वेळ पडणारा पाऊस हवेतले पराग खाली आणतो. त्यामुळे पावसानंतर अनेकांना मोकळं वाटतं. पण फुलोऱ्याच्या काही आठवडे आधी पडलेला पाऊस गवत माजवतो. जितकं गवत जास्त तितके पुढे पराग जास्त. मेलबर्नमध्ये २०१६ साली वसंताच्या सुरुवातीला चांगला पाऊस झाला होता. म्हणजे त्या संध्याकाळची तयारी आधीपासूनच सुरू होती.

मग वादळात गणित उलटं का होतं?

गवताचा एक परागकण साधारण ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या अंदाजे निम्मा. डोळ्यांना दिसत नसला तरी श्वसनमार्गाच्या हिशोबाने तो मोठाच. तो नाकात आणि घशात अडकतो. म्हणून परागकणांच्या ॲलर्जीत शिंका येतात, नाक वाहतं, डोळे चुरचुरतात. अख्खा परागकण फुप्फुसांत खोलवर सहसा पोहोचत नाही.

पण याच परागकणाला ओलावा मिळाला की तो पाणी शोषतो, फुगतो आणि फुटतो.

मेलबर्न विद्यापीठातले सेंक सुफियोग्लू, मोहन सिंग, ब्रूस नॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध केलं. रायग्रासचा एक परागकण फुटला की त्यातून सुमारे ७०० स्टार्चचे सूक्ष्म कण बाहेर पडतात, असं त्यांना आढळलं. या कणांवर ॲलर्जी निर्माण करणारं प्रथिन असतं आणि त्यांचा आकार ३ मायक्रॉनपेक्षाही लहान असतो.

म्हणजेच नाकाच्या दारात अडकणाऱ्या एका कणाचे शेकडो तुकडे होतात आणि ते सगळे थेट फुप्फुसांच्या बारीक नळ्यांत शिरू शकतात. ज्याला आधी फक्त शिंका यायच्या, त्याच्या श्वासनलिका आकसतात. हाच दम्याचा झटका.

वादळ यात तीन कामं करतं.

१. उचलणं: वादळी ढगाकडे वर जाणारी हवा जमिनीजवळचे परागकण सोबत घेऊन जाते.

२. फोडणं: वाढलेल्या ओलाव्यात परागकण फुटतात. मेलबर्नमध्ये त्या संध्याकाळी हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली होती. हे फुटणं मुख्यतः ढगात होतं की जमिनीजवळ, वाऱ्यातली घुसळण आणि विजांचा त्यात किती वाटा, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून चर्चा सुरू आहे.

३. पसरवणं: ढगातून गार, जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारही दिशांना पसरते. वळवाचा पाऊस येण्याआधी जो गार वारा धूळ उडवत येतो, तो हाच. हा वारा फुटलेले कण लोकांच्या नाकाच्या उंचीवर आणून सोडतो.

सर्वात धोकादायक क्षण असतो तो याच वाऱ्याचा. पावसाच्या सरी नंतर येतात. कधी कधी तर त्या येतही नाहीत. मेलबर्नमध्ये त्या दिवशी पाऊस किरकोळच झाला होता. त्यामुळे हवा धुतली गेली नाही, नुसती ढवळली गेली.

गार वाऱ्याची झुळूक आली म्हणून खिडक्या उघडणं साहजिक आहे. पण त्या संध्याकाळी नेमकं तेच घातक ठरलं.

सर्वाधिक त्रास भारतीय वंशाच्या लोकांना का झाला?

'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'च्या अभ्यासानुसार, माहिती दिलेल्या रुग्णांपैकी ३९ टक्के लोक आशियाई किंवा भारतीय वंशाचे होते. २०१६ च्या जनगणनेप्रमाणे मेलबर्नच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण २५ टक्के होतं. मृत्यू झालेल्या १० जणांपैकी ६ जण याच गटातले होते.

याचं एक संभाव्य कारण स्थलांतराशी जोडलेलं आहे. एखाद्या परागकणाची ॲलर्जी पहिल्याच दिवशी होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आधी त्या प्रथिनाला 'शत्रू' म्हणून ओळखायला शिकते आणि त्याला काही हंगाम जावे लागतात. भारतातून गेलेल्या माणसाने रायग्रासचे एवढे परागकण पूर्वी कधी हुंगलेले नसतात. पहिली एक-दोन वर्षं काहीच होत नाही. मग एका वसंतात शिंका सुरू होतात.

इथेच गफलत होऊ शकते. 'हवा बदलली, सर्दी झाली' म्हणून तो त्रास अंगावर काढला जातो. वैद्यकीय भाषेत त्याला 'हे फीवर' म्हणतात. नावात फीवर असलं तरी यात ताप नसतो, असते ती परागकणांची ॲलर्जी. आणि वादळी दम्याचा धोका ज्यांना सर्वाधिक असतो, त्यात ज्यांच्या दम्यावर नीट नियंत्रण नाही ते लोक आणि हे फीवर असणारे लोक, दोघेही येतात.

मेलबर्नमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींच्या घरच्यांसाठी ही माहिती म्हणूनच कामाची आहे. फोनवर 'इथे दर दिवाळीला मला सर्दी होते' असं कुणी म्हणत असेल, तर काढ्याची कृती सांगण्याबरोबर डॉक्टरांकडे जायलाही सांगायला हवं. मेलबर्नमध्ये गवताच्या परागकणांचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर असतो.

असं फक्त मेलबर्नमध्येच होतं का?

नाही. १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये वादळानंतर दम्याचे रुग्ण एकाएकी वाढल्याची नोंद आहे. जून १९९४ मध्ये लंडन परिसरात अशाच वादळानंतर ६४० रुग्ण हॉस्पिटलमध्ये गेले. त्यातल्या जवळपास निम्म्या लोकांना आधी दमा असल्याचं माहीत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्याच वॉगा वॉगा या छोट्या शहरात १९९७ मध्ये २०० हून अधिक लोक एकदम आजारी पडले. इराणमधल्या अहवाझमध्येही २०१३ साली असा प्रकार घडला.

तरीही प्रत्येक वादळानंतर असं होत नाही. त्यासाठी हवेत भरपूर परागकण, विशिष्ट प्रकारचा वारा, ओलावा आणि आधीपासून ॲलर्जी असलेली मोठी लोकसंख्या हे सगळं एकाच वेळी, एकाच जागी जुळून यावं लागतं. म्हणूनच या घटना क्वचित घडतात. आणि क्वचित घडतात म्हणूनच शहरं त्यांना तयार नसतात.

परागकणांचा अंदाज कसा बांधतात?

परागकण मोजण्याची पद्धत बरीच जुनी आणि साधी आहे. इमारतीच्या गच्चीवर एक यंत्र बसवतात. ते दर मिनिटाला १० लीटर हवा आत ओढतं. आतल्या हळूहळू फिरणाऱ्या चिकट पट्टीवर हवेतले कण चिकटतात. नंतर तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखून मोजतात.

ऑस्ट्रेलियात एक घनमीटर हवेत गवताचे ५० हून जास्त परागकण असतील तर प्रमाण 'जास्त' आणि १०० च्या वर गेलं तर 'अतितीव्र' समजलं जातं.

२०१६ च्या घटनेनंतर व्हिक्टोरिया राज्याने वादळी दम्याचा पूर्वानुमान देणारी यंत्रणा उभारली. ती ऑक्टोबर २०१७ पासून सुरू आहे. हवेतल्या परागकणांचं प्रमाण आणि वादळी वाऱ्याची शक्यता या दोन गोष्टी एकत्र करून धोका ठरवला जातो. हिरवा म्हणजे कमी, नारिंगी म्हणजे मध्यम आणि लाल म्हणजे जास्त धोका. परागकणांच्या हंगामात हा अंदाज रोज दिला जातो.

थोडक्यात, नुसतं 'वादळ येणार' किंवा नुसतं 'पराग जास्त आहेत' एवढं कळून भागत नाही. दोन्ही एकत्र कधी येणार, हे कळायला लागतं.

महाराष्ट्रात काय परिस्थिती असते?

इथलं चक्र मान्सूनभोवती फिरतं. जून-जुलैच्या संततधारेत हवा धुतली जाते. त्याच पावसावर माळरानं आणि रस्त्यांच्या कडा हिरव्या होतात. कुसळी, मारवेल, पवन्या यांसारखी गवतं पावसाळ्याच्या शेवटी फुलोऱ्यात येतात. मग येते ऑक्टोबर हीट. कोरडं ऊन, फुललेलं गवत आणि दुपारचा वारा. थोडी थंडी सुरू झाली की पहाटेच्या हवेवर वर सांगितलेलं झाकण बसतं आणि त्यात धूर, धूळ, फटाके यांची भर पडते.

यात गाजर गवताचाही मोठा वाटा आहे. काँग्रेस गवत नावानेही ओळखलं जाणारं हे तण मूळचं अमेरिका खंडातलं. पुण्यात १९५० च्या दशकात त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. त्याच्या परागकणांमुळे नाकाची ॲलर्जी होते, तर झाडाच्या स्पर्शाने त्वचेवर पुरळ येतं.

परतीचा पाऊस विजांच्या कडकडाटासह येतो, तोही याच काळात. म्हणजे गवताचा फुलोरा आणि वादळी पाऊस इथेही एकमेकांच्या जवळ येतात. पण म्हणून महाराष्ट्रात मेलबर्नसारखंच घडेल, असा निष्कर्ष काढणं बरोबर नाही. तिथल्यासारखी एकाच गवताची अफाट कुरणं इथल्या शहरांभोवती नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तेव्हा तर बहुतेक गवत वाळून गेलेलं असतं.

तरी ज्यांना दरवर्षी सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये शिंका, खोकला किंवा धाप लागते, त्यांनी त्या महिन्यांत हवामानाकडे लक्ष ठेवणं फायद्याचं आहे. भारतातही यावर काम होतं. चंदीगडमध्ये पीजीआय आणि पंजाब विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी कोणत्या महिन्यात कोणते पराग हवेत असतात हे सांगणारं 'परागकण कॅलेंडर' तयार केलं आहे.

हवामान बदलामुळे त्रास वाढतोय का?

उत्तर अमेरिकेतला १९९० ते २०१८ या काळातला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिथे परागकणांचा हंगाम सुमारे २० दिवस आधी सुरू होऊ लागला आहे आणि हवेतल्या परागकणांचं प्रमाण २१ टक्क्यांनी वाढलं आहे. वाढतं तापमान हे त्यामागचं महत्त्वाचं कारण असल्याचं संशोधकांनी म्हटलं आहे.

उष्णता वाढली की फुलोरा लवकर येतो आणि जास्त दिवस टिकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला की काही वनस्पती जास्त पराग तयार करतात.

काळजी काय घ्यावी?

- शिंकांची वेळ नोंदवा. त्रास दरवर्षी ठरावीक महिन्यांत, कोरड्या आणि वाऱ्याच्या दिवशी होतो का हे पाहा. होत असेल तर ती साधी सर्दी नसण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.
- वादळाआधीच्या वाऱ्यात बाहेर थांबू नका. परागकणांच्या हंगामात आभाळ भरून वारा सुटला की घरात या, दारं-खिडक्या लावा. एसी असेल तर बाहेरची हवा आत न घेणाऱ्या मोडवर ठेवा. गाडीतही तेच करा.
- 'पंपाची सवय लागते' म्हणून इन्हेलर सोडू नका. इन्हेलरची सवय लागत नाही. रोज घ्यायचा इन्हेलर श्वासनलिकांची सूज कमी ठेवतो, त्यामुळे बरं वाटत असतानाही तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायचा असतो. तातडीने आराम देणारा इन्हेलर वेगळा. तो कायम जवळ ठेवा.
- झटका आला तर: रुग्णाला ताठ बसवा. ऑस्ट्रेलियात शिकवला जाणारा प्रथमोपचार असा: आराम देणाऱ्या इन्हेलरचे ४ पफ, एका वेळी एकच, शक्यतो स्पेसर लावून द्या. प्रत्येक पफनंतर ४ श्वास घेऊ द्या. ४ मिनिटं थांबा. फरक पडला नाही तर पुन्हा द्या आणि मदत बोलवा.
- वाट पाहू नका. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इन्हेलर जवळ नसेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात १०८ किंवा ११२, ऑस्ट्रेलियात ०००.

मेलबर्नमध्ये आजारी पडलेल्या अनेकांना वर्षानुवर्षं एकच लक्षण होतं, ठरावीक मोसमात येणाऱ्या शिंका. तपासणी झाली असती, तर त्यातल्या काहींच्या खिशात त्या संध्याकाळी इन्हेलर असता. 'नेहमीचीच सर्दी' दर वर्षी त्याच महिन्यात येत असेल, तर पुढचा हंगाम सुरू होण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन या.